प्रतीक्षायादीतली तीन वर्षं

जून २०२४ मध्ये आमच्या दत्तक प्रक्रियेतली शेवटची पाठपुरावा भेट झाली. संस्थेच्या समाजसेविका ताईंनी लेकीची उंची-वजन लिहून घेतलं, फोटो काढले, चहा घेतला आणि जिन्यावरून वळून म्हणाल्या, "आता कामासाठी येणार नाही हं मी. पाहुणी म्हणून बोलावलंत तर येईन." दार लावलं आणि मला रडू आलं. ११ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालेलं एक काम त्या दिवशी संपलं.

वाट पाहण्याच्या काळात मी रात्री मोबाईलवर शोधत बसायचे, की आपल्या भाषेत कुणी हे सगळं पहिल्यापासून लिहिलंय का. नियम सापडायचे, पण त्या नियमांच्या मधल्या महिन्यांत माणूस काय करतो ते सापडायचं नाही. म्हणून हे लिहितेय. मुलीचं नाव, संस्थेचं नाव आणि संस्थेचा जिल्हा सांगणार नाही. कायद्यानेही मुलाची ओळख उघड करायची नसते, आणि तिची गोष्ट तिची आहे. मी फक्त माझ्या बाजूची सांगते.

आम्ही नगरचे, मराठी ख्रिस्ती. लग्न २०१० सालचं. मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, हे एमआयडीसीत आहेत, घरात सासूबाई. उपचारांबद्दल फार लिहीत नाही. पुण्याला दोनदा आयव्हीएफ केलं, दोन्ही वेळा साधारण पावणेदोन लाख खर्च आला, दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. २०१८ च्या नाताळात हे म्हणाले, "आता तुझ्या अंगाला आणखी सुया नकोत." मी हो म्हटलं. त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या केअरिंग्ज पोर्टलवर होते. घरबसल्या होते, एजंट लागत नाही. नोंदणीनंतर तीस दिवसांत कागद चढवायचे असतात: दोघांची पॅन कार्डं, जन्मतारखेचा, पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला, दोघांनाही दीर्घ मुदतीचा, संसर्गजन्य किंवा जीवघेणा आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ओळखीच्या दोघांची पत्रं आणि घरातल्यांचा एक फोटो. वैद्यकीय तपासण्यांना आम्हा दोघांचे मिळून तीन हजारांच्या वर गेले.

आमचं अडलं ते लग्नाच्या दाखल्यावर. चर्चच्या विवाह नोंदवहीत माझं नाव बाप्तिस्म्याच्या वेळचं, आणि आधार, पॅनवर शाळेच्या दाखल्यातलं. पाळकसाहेबांनी २०१० ची जाडजूड वही काढली, चष्मा पुसला आणि त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही. शेवटी शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, नोटरी केली, ते दाखल्यासोबत जोडलं. यात बारा दिवस गेले. तुम्ही नोंदणी करायच्या आधीच सगळ्या कागदांवरची नावं, स्पेलिंगसकट, एकमेकांशेजारी ठेवून तपासा. तीस दिवस वाटतात तेवढे नसतात. प्रतीक्षायादीतला क्रम नोंदणी आणि कागद पूर्ण झाल्यावरच धरतात, त्यामुळे इथे गेलेला एकेक दिवस पुढे मोजला जातो.

कागद गोळा करत होते तेव्हा सासूबाईंनी एक प्रश्न विचारला. मी त्याचा विचारच केला नव्हता. "आपण कागदावर आई-बाप म्हणून लागणार, का नुसते पालक?"

त्यांच्या धाकट्या बहिणीने १९७८ च्या सुमारास एक मुलगी सांभाळली होती. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा. तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू. ख्रिस्ती माणसाला तेव्हा कायद्याने दत्तक घेता येत नसे. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता येई, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. मावशींनी त्या मुलीला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. पण मावशी गेल्यावर घर पुतण्यांच्या नावावर चढलं आणि ती मुलगी दारात पाहुण्यासारखी उभी राहिली. "माझ्या बहिणीचं नाव तिच्या नावापुढं कधी लागलंच नाही," सासूबाई म्हणाल्या.

मी शोधून पाहिलं. २००० सालच्या बालन्याय कायद्याने हे दार उघडलं, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली दत्तक घेता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. आताचा कायदा २०१५ चा. मी त्यांना सांगितलं, "आई, आपण आई-बापच लागणार. पूर्ण." त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. मग उठून पेटीतून जुनी लुगडी काढायला लागल्या.

संस्थेच्या ताईंची गृहभेट ३० मार्च २०१९ ला झाली. गृह अध्ययन अहवालाचं शुल्क सहा हजार रुपये. त्याआधी आठवडाभर मी भिंती पुसत होते. ताईंनी भिंतींकडे पाहिलंही नाही. अडीच तास बसल्या. आधी दोघांशी एकत्र बोलल्या, मग एकेकट्याशी, मग सासूबाईंशी. कर्ज किती, भांडण झालं की कोण आधी बोलतं, मूल काळं-गोरं कसंही चालेल का, रात्री आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेणार. मग मला विचारलं, "उद्या मूल मोठं होऊन म्हणालं, मी तुमच्याकडे कसं आलो, तर काय सांगाल?"

मी तयारच होते. म्हटलं, "सांगेन, देवाने तुला आमच्यासाठी पाठवलं."

"आणि जिने जन्म दिला तिचं काय सांगाल?"

मला उत्तर आलं नाही. त्यांनी आग्रह धरला नाही, नुसतं समजावून सांगितलं. एखादी आई बाळ सांभाळू शकत नसेल तर ती बाल कल्याण समितीपुढे येऊन ते सोपवते. पण सही केली की संपलं असं नसतं. तिला फेरविचारासाठी कायद्याने साठ दिवस मिळतात. त्या दिवसांत ती येऊन बाळ परत नेऊ शकते. ते संपेपर्यंत बाळ दत्तकासाठी मोकळं होत नाही. "ते साठ दिवस तिचे असतात," ताई म्हणाल्या. मी मान डोलावली. ऐकलं, पण मनात उतरलं नाही. माझं सगळं लक्ष अहवाल कधी चढणार याकडे होतं.

अहवाल एप्रिलच्या मध्याला पोर्टलवर चढला. तो तीन वर्षं चालतो. ती तारीख तेव्हाच कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढे कामाला येते. आम्ही मुलगा-मुलगी कुणीही चालेल असं लिहिलं होतं, वय शून्य ते दोन, राज्य महाराष्ट्र.

मग वाट.

पोर्टलवर आपला क्रमांक दिसतो. आमचा चार आकडी होता. रात्री जेवणं झाली की मी पॅन क्रमांक टाकायचे, पासवर्ड टाकायचे, आणि पान उघडेपर्यंत श्वास धरायचे. कधी दोन-चारने पुढे सरकायचा, कधी आठवडाभर जागचा हलायचा नाही. मी दिवसभर लोकांच्या मुदत ठेवींच्या पावत्या करते. प्रत्येक पावतीवर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. माझ्या या ठेवीवर तारीखच नव्हती, आणि त्याने मी आतून कुरतडली जात होते. कष्टाचं मला भय नाही. मुदत माहीत नसण्याचं होतं.

चर्चमध्ये सगळ्यांना माहीत होतं. बायका मायेने बोलायच्या. "सलाम बाई, काय झालं गं?" "देवाच्या वेळेला सगळं होतं बघ." हे वाक्य तीन वर्षांत किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. म्हणणाऱ्यांचं मन चांगलं होतं, पण ऐकून मी आणखी एकटी पडायचे. आणि बायबलमधल्या हन्नाची गोष्ट. मूल नसलेल्या बाईला आमच्यात हमखास हन्नाची गोष्ट सांगतात: ती मंदिरात रडली, तिने नवस केला, आणि तिला शमुवेल झाला. मला वाटायचं, मग माझ्या रडण्यात काय कमी पडलं?

डिसेंबर २०१९ मधला एक रविवार अजून डोळ्यांपुढे आहे. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं पाणी भरायचं काम माझ्याकडे असे. चांदीचं जुनं भांडं, कडेला बारीक द्राक्षवेल कोरलेली. थंडीचे दिवस, म्हणून घरून थर्मासमध्ये गरम पाणी नेलं, भांड्यातल्या पाण्यात मिसळलं, मनगटाच्या आतल्या बाजूने ऊब पाहिली. बाळाच्या आईची ओढणी सरकली म्हणून तिने बाळ क्षणभर माझ्याकडे दिलं. त्याच्या टोपीला दुधाचा वास होता. अर्ध्या मिनिटात ते परत गेलं. मी आशीर्वचनाच्या आधीच बाहेर पडले, चालत घरी आले आणि मंडळीला कळवलं की हे काम आता दुसऱ्या कुणाला द्या.

मग मार्च २०२० आला. चर्च बंद, कचेऱ्या बंद, क्रमांक जागच्या जागी. १० एप्रिलला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. बारा ते तीनची, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना मोबाईलवर ऐकत होतो. चौथ्या उद्गाराला, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' इथे, नेटवर्क तुटलं. पाळकसाहेबांचा आवाज मध्येच गेला आणि घरात शांतता. आणि तेच वाक्य माझ्या तोंडून मोठ्याने बाहेर पडलं. हे दचकले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवसाआधी वर्षभर मी गोड गोड प्रार्थना करत होते, जशी पतसंस्थेत साहेबांशी बोलते तशी. पहिल्यांदाच खरं बोलले. वाट पाहणाऱ्या कुणालाही मी हे सांगेन: देवावर रागावला असाल तर त्यालाच सांगा. ज्याच्यावर विश्वास उरला नाही त्याच्याशी कुणी भांडत नाही.

त्या टाळेबंदीत मी हन्नाची गोष्ट परत वाचली, या वेळी कुणी सांगते म्हणून नाही. तिच्यात एक गोष्ट आहे जिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. हन्ना मन मोकळं करून मंदिरातून उठते, जाऊन जेवते, आणि तिचा चेहरा मग उदास राहत नाही. हे सगळं शमुवेल पोटात येण्याच्या आधी. हातात काहीच नसताना ती जेवली. मी त्या ओळीवर किती तरी दिवस थांबून होते.

सासूबाईंची गोधडी एकीकडे चालूच होती. कागद गोळा करताना पेटीतून काढलेली त्यांची दोन मऊ झालेली लुगडी, माझ्या आईची एक सुती साडी, वर ठिगळांची नक्षी. दुपारचा चहा झाला की खिडकीपाशी बसायच्या आणि धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या, डोळ्यांना जमेल तेवढ्या. एखाद्या दिवशी एकच ओळ. सुई अडली की ती केसांत फिरवायच्या आणि परत घालायच्या. क्रमांक किती झाला असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये गोधडी पुरी झाली, फक्त एक कोपरा उसवा ठेवला. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो लेकरू आल्यावर." आणि कडुनिंबाचा पाला घालून ती पेटीत ठेवून दिली. दर दोन-तीन महिन्यांनी उन्हाला काढायच्या.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये जे झालं ते लिहू की नको असं बरेच दिवस वाटत होतं. पण लिहिते, कारण वाट पाहणाऱ्या पुष्कळांना असा फोन येतो. ओळखीतल्या ओळखीने कुणीतरी कळवलं की एका दवाखान्यात एक मुलगी बाळंत होणार आहे, तिच्या घरच्यांना बाळ नकोय, तीन लाखांत सगळं 'व्यवस्थित' होईल, जन्माच्या दाखल्यावर सरळ आमचीच नावं लागतील. अडीच वर्षं होऊन गेली होती. हे म्हणाले, "कुणाला कळणार नाही." मी नाही म्हटलं नाही. दोन रात्री आम्ही बँकेतले आकडे जुळवत होतो.

दुसऱ्या रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या. त्यांनी ऐकलं होतं. दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "त्या बाईला विचारलंय का कुणी?"

"कुठल्या बाईला, आई?"

"जिचं लेकरू हाय, तिला."

आणि तेव्हा मला ते साठ दिवस आठवले. अडीच वर्षांपूर्वी आमच्याच दिवाणखान्यात ताईंनी सांगितलेले. तीन लाखांत आम्ही तिचे तेच साठ दिवस विकत घेणार होतो. सकाळी आम्ही नाही कळवलं आणि १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन केला. मूल विकणं-विकत घेणं हा बालन्याय कायद्याच्या कलम ८१ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. पण खरं सांगायचं तर आम्हाला त्या रात्री शिक्षेच्या भीतीने थांबवलं नाही, सासूबाईंच्या प्रश्नाने थांबवलं.

त्यानंतर कित्येक दिवस मला प्रार्थनाच करता येईना. 'लवकर दे' म्हणायला तोंड उघडलं की समोर ती बाई यायची. आमचा क्रमांक पुढे सरकतो म्हणजे कुठेतरी एक बाळ आईपासून दूर होतं. मी अडीच वर्षं रोज रात्री जे मागत होते, त्याच्या पलीकडच्या बाजूला एक बाई उभी होती आणि मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मग मी 'लवकर' हा शब्द सोडला. प्रार्थना अशी झाली: देवा, जिच्या पोटी ते बाळ आहे तिला आज जेवायला मिळू दे. तिच्याजवळ कुणीतरी असू दे. तिला ते बाळ ठेवायचं असेल तर तिला ते ठेवता येऊ दे.

हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणता यायला मला नाताळ उजाडला. म्हणताना पोटात तुटायचं. पण ज्या दिवशी ते खोटं न वाटता म्हटलं, त्या दिवसापासून मी रोज पोर्टल पाहणं सोडलं. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी पाहायचं असं ठरवलं. धीर धर म्हणून मी मनाला कितीदा दटावलं होतं, त्याने काही झालं नव्हतं. दुसऱ्या कुणासाठी तरी देवाकडे जायला लागले तेव्हा तो आपोआप आला. मी त्या कृपेला माझं कर्तृत्व म्हणणार नाही.

मार्च २०२२ मध्ये अहवालाची तीन वर्षांची मुदत संपत आली. संस्थेला आधीच फोन करून ठेवला होता म्हणून नूतनीकरण वेळेत झालं. ताई पुन्हा आल्या, उत्पन्नाचे नवे कागद घेतले. जाताना मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तेव्हा एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आता सांगू का?" त्या परत बसल्या.

२४ मे २०२२, मंगळवार. दुपारी पावणेचारला पतसंस्थेत रोकड मोजत असताना मोबाईलवर संदेश आला. मी नोटा मोजून पूर्ण केल्या, पट्टी लावली, आणि मग वाचला. पोर्टलवर एका बाळाची माहिती आली होती. ती पाहून ४८ तासांत राखून ठेवायचं असतं. घरी येऊन तिघांनी एकत्र उघडली. आधी फोटो, मग बाल अध्ययन अहवाल, मग वैद्यकीय अहवाल. एक मुलगी. वैद्यकीय अहवाल आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना त्याच संध्याकाळी दाखवला. त्यांनी वजन, डोक्याचा घेर, रक्ताच्या तपासण्या पाहिल्या आणि एक-दोन गोष्टी संस्थेला विचारायला सांगितल्या. ही सोय आधी करून ठेवा, त्या ४८ तासांत डॉक्टर शोधत फिरावं लागू नये. आणि नोंदणीतला मोबाईल नंबर, ईमेल काहीही झालं तरी बदलू नका.

राखून ठेवल्यावर त्या वेळच्या नियमांनुसार वीस दिवसांत दत्तक समितीपुढे जायचं होतं. आम्ही ७ जूनला गेलो. मूळ कागद, पुन्हा थोडे प्रश्न, दोन्ही अहवालांवर सह्या, आणि चाळीस हजार रुपये शुल्क, रीतसर पावतीसह. यापेक्षा जास्त देणगी वगैरे कुणी मागू शकत नाही, ते नियमाने बंद आहे. मग एका दाईने तिला आणलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या मागच्या खिडकीतल्या पंख्याकडे पाहत होती. मी तिला घेतलं तरी ती मान वळवून पंखाच पाहत राहिली. दाई मात्र पदराने डोळे पुसत होती. मी तिचा हात धरला. सहा महिन्यांची झोप-भूक तिने सांभाळली होती. दूध किती वेळाने, कुठल्या कुशीवर झोपते, काय म्हटलं की हसते, हे सगळं मी तिच्याकडून वहीत लिहून घेतलं. तुम्हीही घ्या. ते कुठल्याच अहवालात नसतं.

१३ जूनला दत्तकपूर्व संगोपनासाठी ती घरी आली. रात्री सासूबाईंनी बाजरीच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, गोधडीच्या उसव्या कोपऱ्यात घातला आणि टाके घालून कोपरा बंद केला. "गोधडी उपाशी ठेवायची नसते," म्हणाल्या. लेक पहाटे साडेतीनला उठली आणि सहापर्यंत रडली. आम्ही तिघं आळीपाळीने फेऱ्या मारत होतो.

इथे संपलं असं वाटलं होतं, पण पुढे आणखी सहा महिने लागले. संस्थेने जिल्हा न्यायालयात अर्ज केला, आणि सुनावणी व्हायच्या आधीच १ सप्टेंबर २०२२ पासून कायदा बदलला. दत्तकाचा आदेश द्यायचं काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, चालू प्रकरणंही तिकडे वर्ग व्हायची होती. नियम सगळ्यांनाच नवे, त्यामुळे आमची फाइल नक्की कुठे आहे हे बरेच दिवस कुणालाच सांगता येईना. मी संस्थेला दर सोमवारी एक फोन करायचे, जास्त नाही. पाळकसाहेबांना बाप्तिस्म्याचं विचारलं तर म्हणाले, "आदेश येऊ दे. तिचं नाव वहीत एकदाच लिहू, बरोबर लिहू." मला त्यांचं बोट ठेवलेली २०१० ची ओळ आठवली.

आदेश १४ डिसेंबर २०२२ ला झाला. तिच्या जन्माच्या दाखल्यावर आई-वडील म्हणून आमची नावं लागून तो फेब्रुवारीत हातात आला. सासूबाईंना वाचता येतं, पण त्यांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला, दोनदा. ९ एप्रिल २०२३ ला, ईस्टरच्या रविवारी, बाप्तिस्मा झाला. पाणी मी भरलं.

पैशांचं सांगायचं तर अहवालाचे सहा हजार, संस्थेचे चाळीस, आणि दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी अशा चार पाठपुरावा भेटींचे प्रत्येकी दोन हजार. जाण्या-येण्याचा, प्रतिज्ञापत्रांचा खर्च वेगळा. सप्टेंबर २०२२ च्या नव्या नियमावलीत मुदती आणि आकडे बदलले आहेत. उदाहरणार्थ, दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज आता ८५ च्या आत लागते, आमच्या वेळी चार वर्षांपर्यंतच्या बाळाला ९० चालत असे. म्हणून माझे आकडे पाठ करू नका, पोर्टलवर ताजे पाहा.

आमच्याकडे रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना असते. आजकाल लेकीला प्रत्येक नावानंतर 'आमेन' म्हणायचं असतं. आजी, आमेन. पपा, आमेन. संस्थेतल्या मावशी, आमेन. काल हे म्हणाले, "आणि जिने आमच्या लेकीला जन्म दिला, ती जिथे असेल तिथे..." त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच ती मोठ्याने 'आमेन' म्हणाली. हे थांबले. सासूबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. मग यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.